बैलाच्या खांद्यावरचं ओझं: कायदा, शाळा आणि देऊळ काय करू शकतात

पारा ३७ अंशांच्या वर गेलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत बैलाला गाडीला जुंपणं बेकायदा आहे. दिवसभरात मिळून नऊ तासांपेक्षा जास्त ओढकाम त्याच्याकडून करून घ्यायचं नाही, सलग पाच तासांनंतर त्याला विसावा द्यायचाच, आणि खिळा लावलेली पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, वापरायची नाही. बैल लहान, मध्यम की मोठा आणि गाडीचं चाक कसलं, यावरून ओझं किती लादायचं हेसुद्धा ठरवून दिलेलं आहे. हे सगळं केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांत आहे. नियमांना साठ वर्षं झाली.

आता गाळप हंगामात सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा अहिल्यानगर भागातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या रस्त्याला जरा वेळ उभं राहून पाहा. उसाने शिगोशीग भरलेली टायरगाडी चढाला लागते. बैलांच्या माना खाली जातात, डांबरावर खूर घसरतात, जू खांद्यात रुतत जातं. गाडीवान खाली उतरून शेजारून चालू लागतो, कारण त्यालाही कळतं की आपलं वजनसुद्धा आता जास्त आहे. पुढे उतार लागला की वेगळंच संकट. सगळा भार मागून खांद्यावर येतो आणि बैलांना गाडी अंगाने थोपवून धरावी लागते. कारखान्यावर पोचल्यावर वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत जोडी कधी जुवाखालीच, कधी गाडीला बांधलेली. हंगाम संपता संपता खांद्यावर नारळाएवढी सूज आलेले बैल दिसतात. पशुवैद्य तिला खांदेसूज म्हणतात आणि तिच्यावरचा पहिला उपचार एकच सांगतात, सूज पूर्ण उतरेपर्यंत बैल जुंपायचा नाही.

कागदावरचा नियम आणि रस्त्यावरचा बैल यांच्यात एवढं अंतर का पडतं, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगतो. जनावराचे हाल थांबवायला कायदा लागतोच, पण तो गोठ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जात नाही. त्याला तिथे नेणाऱ्या दोन वाटा आपल्याकडे आहेत, शाळा आणि देवस्थान. यातली दुसरी वाट आपण फारच कमी वापरली आहे.

कायद्यात नेमकं काय आहे

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या मागे रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या, चेन्नईच्या कलाक्षेत्रच्या संस्थापक. राज्यसभेवर नेमणूक झाल्यावर त्यांनी १९५३ साली या विषयावर खासगी विधेयक मांडलं. त्याआधी १८९० चा इंग्रजी अमलातला कायदा होता, पण तो तोकडा पडत होता. पंडित नेहरूंच्या सरकारने विषय हाती घेतला आणि १९६० साली नवा कायदा झाला. त्याखाली १९६२ मध्ये जे प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्ष रुक्मिणीदेवीच होत्या.

या कायद्याचं कलम ११ प्रत्येकाने एकदा तरी वाचावं. जनावराला मारणं, लाथ घालणं, त्याच्यावर वाजवीपेक्षा जास्त ओझं लादणं हे गुन्हे आहेत, एवढं बहुतेकांना माहीत असतं. लंगड्या, जखमी, आजारी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला लावणं हाही गुन्हा आहे. मालकाने पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. हलता येणार नाही इतक्या आखूड दोराने कायम बांधून ठेवणं, वाहतुकीत कोंबून नेणं, आणि गरज संपली म्हणून रस्त्यावर सोडून देणं, हेही गुन्हेच. म्हणजे जनावराला हात न लावताही क्रूरता घडते, हे कायद्याने साठ वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

शिक्षेची बाजू मात्र वाचवत नाही. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे १९६० च्या काळातले आहेत आणि अजून तसेच आहेत. त्यात भर म्हणजे कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, त्यामुळे पोलीस स्वतःहून अटक करू शकत नाहीत. जनावराला ठार मारलं, विष घातलं किंवा कायमचं अपंग केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू होतं, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मधली सगळी क्रूरता, म्हणजे रोजची, पन्नास रुपयांत मिटते.

याच्या शेजारी बैलगाडा शर्यतीचा कायदा ठेवून बघा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. त्या निकालात न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. मग २०१७ मध्ये महाराष्ट्राने केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. बरीच वर्षं ती न्यायालयात अडकली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर शर्यती सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावेचं अंतर मर्यादित आहे, चाबूक-काठीला मनाई आहे, आणि अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

म्हणजे शर्यतीच्या घाटात, धावपट्टीवर, बैलाला काठी मारली तर पाच लाख, आणि तीच काठी कारखान्याच्या रस्त्यावर मारली तर पन्नास रुपये. बैल तोच, वळ तोच. शर्यतीला प्रसिद्धी होती, दोन्ही बाजूंना वकील होते, आमदार-खासदार होते. ऊस ओढणाऱ्या बैलाच्या बाजूने कुणी उभं नव्हतं. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने मूळ कायद्यातल्या शिक्षा वाढवण्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मांडला होता. तो संमत व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

धर्माच्या बाबतीत कायदा काय म्हणतो, यावर खूप गैरसमज आहेत. कलम २८ म्हणतं की एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा पद्धतीने प्राणी मारणं या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. अन्नासाठी मारण्यालाही सूट आहे, मात्र अनावश्यक वेदना देता येत नाहीत. ही सवलत फक्त मारण्याच्या कृतीपुरती आहे. त्याआधीच्या प्रवासात कोंबणं, उपाशीतापाशी बांधून ठेवणं, मिरवणुकीत फटाक्यांमधून नेणं, या कशालाही धर्माच्या नावाने सूट नाही. दुसरीकडे घटनेच्या कलम ५१ क (छ) प्रमाणे प्राणिमात्रांविषयी दया बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलं.

कायदा जिथे अडतो

उसाच्या गाडीवानाला दोषी ठरवून आपण मोकळे होतो, तिथेच चूक होते. तो बहुधा बीडकडून आलेला असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनावर फेडायची असते. खेप हलकी केली तर खेपा वाढतात, खेपा वाढल्या की रात्र होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फडात कोयता घेऊन उभं राहायचं असतं. बैलजोडी कधी कधी त्या उचलीतूनच घेतलेली असते. बैल मेला तर कर्ज राहतं आणि कमाई जाते. बैलाचे हाल व्हावेत असं या माणसाला वाटत नसतं. पैशांची मांडणीच अशी आहे की ओझं शेवटी सगळ्यात मुक्या खांद्यावर उतरतं.

म्हणून दंडाची पावती गाडीवानाच्या हातात देऊन काही हाती लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन होतंच, आकडा संगणकावर उमटतोच. ठरलेल्या मर्यादेवरच्या वजनाची बैलगाडी काट्यावर घ्यायचीच नाही, असा नियम कारखान्याने केला आणि साखर आयुक्तालयाने तो पाळून घेतला, तर एका हंगामात चित्र पालटेल. सोबत हलक्या खेपेचा दर वाढवावा लागेल, नाहीतर नुकसान मजुराचंच. कायद्याने गोठ्यात डोकावण्याआधी काट्यावर बसायला हवं.

इथे शिक्षणाचं एक उदाहरण सांगायलाच हवं. २०२२ मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या पुढच्या बाजूला, दोन बैलांच्या मधोमध, एक फिरतं चाक बसवलं. जूवर येणारा भार त्या चाकावर उतरतो, बैलांनी फक्त ओढायचं, तोलून धरायचं नाही. त्याला त्यांनी ‘सारथी’ नाव दिलं. मुलं याच उसाच्या पट्ट्यातली, कारखान्याच्या रस्त्यावरून रोज ये-जा करणारी. कुणी दयेवर भाषण देऊन हे घडलेलं नाही. बैलाचा खांदा का सुजतो हे त्यांनी भाराच्या गणितात मांडलं आणि उत्तर शोधलं. शाळा-कॉलेजातलं प्राणी-शिक्षण असंच असावं.

शाळेत काय शिकवायचं

‘प्राण्यांवर दया करा’ हे वाक्य आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला नेताना ती तहानेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ महाराजही सगळ्यांना माहीत असतात. तरी शाळा सुटल्यावर कुत्र्याच्या मागे दगड घेऊन धावणारी मुलं तीच. भावना असते, पण त्या प्राण्याचं काय दुखतंय हे ओळखायचं कसं, तो कशाने घाबरतो, आपण नेमकं काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

गोव्यात ते शिकवलं गेलं आणि त्याचा परिणाम मोजता आला. तिथे राज्य सरकारने मिशन रेबीज या संस्थेसोबत २०१४ च्या सुमारास मोठी मोहीम उभारली. वस्तीवस्तीत जाळ्या घेऊन फिरणारी पथकं कुत्री पकडून जागेवरच लस टोचून सोडत. दुसरीकडे शाळाशाळांतून तास घेतले जात. अनोळखी कुत्रं जवळ आलं तर पळायचं नाही, झाडासारखं स्थिर उभं राहायचं. पिल्लांसोबतच्या किंवा खात असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जायचं. कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांवर दोन तट पडून भांडणं होतात. गोव्याने दाखवून दिलं की लस, नसबंदी आणि शाळेतला एक नीट तास यांनी माणूस आणि कुत्रा दोघांचंही भलं होतं.

ग्रामीण शाळेत हेच बैल, शेळी, कोंबडी, साप यांच्याबद्दल करता येईल. पोळ्याच्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना शाळेत बोलवावं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी खांदेमळणी होते. बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकून त्याला हळद आणि तेल किंवा लोणी चोळतात आणि म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ या एका विधीत पशुवैद्यकाचा अर्धा धडा आहे. खांदा हाताने चाचपायचा, कुठे गरम लागतो, कुठे दाबल्यावर बैल अंग चोरतो, कुठे केस गेलेत, हे त्या दिवशी प्रत्येक मुलाला दाखवता येईल. फक्त ते वर्षातून एकदा न करता हंगामात दर आठवड्याला करायचं, एवढंच सांगायचं राहतं.

देवस्थानाची ताकद

आता त्या कमी वापरलेल्या वाटेकडे येतो. धर्मसंस्था प्राण्यांसाठी काय करू शकतात, याचं सर्वांत मोठं मराठी उदाहरण म्हणजे गाडगेबाबा.

गावोगावच्या जत्रांत बोकड-कोंबड्यांचे बळी द्यायची प्रथा होती, त्यापायी लोक कर्जबाजारी होत. गाडगेबाबा खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या माणसाच्याच तोंडून काढून घेत. देवाला लेकराचा जीव हवा असतो का, असं विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस पुढच्या प्रश्नाला अडखळत असे. त्यांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, गरीब मुलांना शिक्षण यांच्या मांडीला मांडी लावून ‘पशु-पक्षी, मुक्या प्राण्यांना अभय’ बसलेलं आहे. त्यांनी ते वेगळं काढून ठेवलं नाही. गरिबाचं कर्ज आणि बोकडाचा जीव हे त्यांच्या दृष्टीने एकच दुखणं होतं.

याउलट आदेशाने काय होतं ते सप्तशृंगी गडावर दिसलं. दसऱ्याच्या बोकडबळीच्या वेळी बंदुकीच्या छऱ्यांनी काही भाविक जखमी झाले आणि त्यानंतर प्रशासनाने ती प्रथा बंद केली. २०२२ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि अटींवर परवानगी मिळाली. वरून बंद केलेली गोष्ट वरून पुन्हा उघडते. एखाद्या घराने स्वतःच्या मनाने बोकडाऐवजी कोहळा कापायला घेतला किंवा पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला, तर तिथे पुढची पिढी न्यायालयात जात नाही. बोकड खाणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. मांस हे आपल्या लाखो घरांचं साधं अन्न आहे आणि खाटीक, धनगर यांची पोटं या जनावरांवर आहेत. माझा आग्रह फक्त हालांपुरता आहे. या बाबतीत मशिदीतल्या इमामांचा शब्द कायद्यापेक्षा जास्त चालतो. इस्लामी शिकवणीत सुरी धारदार हवी, जनावरासमोर तिला धार लावायची नाही, एकासमोर दुसरं कापायचं नाही, आधी पाणी पाजायचं, असं सांगितलेलं आहे. बकरी ईदच्या आधीच्या शुक्रवारी हे आठवणीने सांगितलं गेलं, तर ते देवनारच्या बाजारापासून सोसायटीच्या आवारापर्यंत पोचतं.

वारीचं उदाहरणही घ्या. माउलींच्या पालखीचा रथ ओढण्याचा मान कुठल्या बैलजोडीला मिळतो, याकडे सगळ्या पंचक्रोशीचं लक्ष असतं. दिवे घाटाच्या चढणीला रथाला जादा जोड्या जुंपतात. चढावर ओझं वाटून घ्यायचं हे शहाणपण वारीत परंपरेनेच आहे, आणि लाखो लोक ते डोळ्यांनी पाहतात. त्याच वेळी वारकऱ्यांच्या फडावरून एका कीर्तनकाराने सांगितलं की ‘माउलींच्या रथाला जे चालत नाही ते तुमच्या गाडीलाही चालत नाही’, तर १९६५ चे नियम एका दिवसात जितक्या शेतकऱ्यांपर्यंत जातील तितके साठ वर्षांत गेलेले नाहीत.

जत्रांतले जनावरांचे बाजारही देवस्थानांच्या हाताशी आहेत. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा, नांदेडच्या माळेगावात खंडोबाच्या यात्रेला घोडे, गाढवं, उंट येतात. तिथे सावलीचा मांडव, पाण्याचे हौद, पूर्णवेळ पशुवैद्य आणि गाड्यांत जनावरं कशी चढवली जातात यावर नजर, एवढ्या चार गोष्टी केल्या तरी फार मोठा फरक पडेल. मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहतुकीत एका गाय-बैलाला दोन चौरस मीटर जागा लागते. हे बाजारच्या दारातच मोजता येतं.

नांदणीची महादेवी

२०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण, जिला सगळे माधुरी म्हणत, जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली गेली. तीस वर्षांहून अधिक काळ ती मठात होती. तपासणीत तिच्या पायांचे आजार, सांधेदुखी, वाढलेली नखं आणि सतत डोकं हलवत राहण्याची सवय नोंदली गेली होती. एकटेपणाने आणि बांधून राहिल्याने हत्तीला ही सवय लागते. मिरवणुकीसाठी तिला परवानगीशिवाय राज्याबाहेर नेल्याचा आक्षेपही होता. मुंबई उच्च न्यायालयाने धार्मिक वापरापेक्षा हत्तिणीच्या चांगल्या जगण्याच्या हक्काला वरचं स्थान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलं. तिला निरोप देताना गाव रडलं, दगडफेक झाली, नांदणीहून कोल्हापूरला हजारोंची मूक पदयात्रा निघाली. ऑगस्टमध्ये राज्य सरकार, मठ आणि वनतारा यांच्यात चर्चा होऊन नांदणी परिसरातच हत्तीसाठी केंद्र उभारण्याची गोष्ट पुढे आली.

त्या गर्दीतली माया खरी होती, हे मी ठामपणे म्हणेन. आणि हत्तिणीचे पाय दुखत होते, हेही तितकंच खरं. हत्तिणी जंगलात आया, मावश्या, बहिणींच्या कळपात राहतात, रोज मैलोनमैल मऊ जमिनीवर चालतात, चिखलात लोळतात. फरशीवर उभी राहणारी एकटी हत्तीण कितीही केळी आणि गूळ खाल्ला तरी आतून झिजत जाते. हे ज्ञान मठापर्यंत वेळेत नीट पोचलं असतं, आणि नांदणीतच मोकळी मातीची जमीन, तळं आणि सोबतीला दुसरी हत्तीण यांचा विचार दहा वर्षांपूर्वी झाला असता, तर न्यायालयापर्यंत जावं लागलं नसतं. जे केंद्र आंदोलनानंतर सुचलं ते आधीही सुचू शकलं असतं. कायदा एकटाच आला म्हणून तो लोकांना परका वाटला.

केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने फेब्रुवारी २०२३ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी उत्सवासाठी यांत्रिक हत्ती स्वीकारला. तो कान हलवतो, सोंड हलवतो, त्याच्यावर उत्सवमूर्ती विराजमान होते. निर्णय मंदिराचा स्वतःचा होता, म्हणून भाविकांनी तो आपला मानला.

आपल्याकडे बत्तीस शिराळ्यात या तीनही धाग्यांची गाठ पडलेली आहे. नागपंचमीला तिथे जिवंत नाग पकडून पूजायची आणि मिरवायची परंपरा होती. वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती थांबली, आता प्रतिमेची पूजा होते, आणि वन विभाग दर वर्षी नागपंचमीच्या आधी शाळांतून, गल्ल्यांतून फिरतो. नाग दूध पीत नाही, मिरवणुकीच्या गोंगाटात तो घाबरून आणि उपासमारीने मरतो, हे आता तिथली मुलं मोठ्यांना सांगतात. २०२५ मध्ये केंद्राने अभ्यास आणि जनजागृतीसाठी अटींवर २१ नाग पकडायची परवानगी दिली. गावाला आपली ओळख हवी आहे, नागाला आपलं बीळ हवं आहे. शिराळ्याने नाग ओळखायचं, न दुखावता हाताळायचं पिढीजात कौशल्य घरात घुसलेले साप सुरक्षित सोडण्यासाठी लावलं, तर त्या परंपरेचा तो मोठाच मान होईल.

म्हातारा बैल जातो कुठे

एक अवघड गोष्ट राहिली. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण थकलेल्या बैलाला रोज वैरण लागते आणि कोरडवाहू शेतकऱ्याकडे ती नसते. मग दावं सोडून दिलं जातं. तो दुसऱ्याच्या पिकात शिरतो, मार खातो, कचऱ्यातलं प्लास्टिक खाऊन पोट फुगून मरतो. सोडून देणं हा कलम ११ चा गुन्हा आहे, पण उपाशी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून बैलाला वैरण मिळत नाही.

इथे जुनी वाट आहे. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. हिंदू आणि जैन व्यापारी त्यांच्या सोबत आले. त्यातूनच १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाय आणि जैन शेठजींनी मुंबई पांजरापोळ, म्हणजे निराधार जनावरांचं आश्रयस्थान, उभा केला, तो आजही भुलेश्वरला आहे. व्यापारी मालावर लाग, म्हणजे ठरावीक वर्गणी, बसवून त्याचा खर्च चालवत. आज राज्य सरकार गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज पन्नास रुपयांचं अनुदान देतं. काम करून थकलेल्या बैलालाही तसा आधार हवा, आणि श्रीमंत देवस्थानांनी आपल्या जमिनींवर त्यांच्यासाठी चारा-छावणी कायमची चालवायला हवी. दुष्काळात छावण्या चालवण्याचा अनुभव आपल्याकडे आहेच.

तुम्हाला काय करता येईल

गावातल्या यात्रा समितीची किंवा देवस्थान ट्रस्टची बैठक यात्रेच्या महिना-दीड महिना आधी होते. तिथे जा आणि चारच प्रश्न विचारा: जनावरांना पाणी कुठे, सावली कुठे, पशुवैद्य कोण, आणि फटाके-डीजे जनावरांपासून किती लांब. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीला वजन येतं. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायलाच हवी. तुमच्या जिल्ह्यात ती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात विचारता येतं.

रस्त्यावर हाल दिसले तर गाडीवानाशी आधी माणसासारखं बोला. पुष्कळदा बैल सोडून पाणी पाजायला आणि अर्धा ऊस उतरवायला दोन माणसांची मदत मिळाली की तो खुशीने थांबतो. न ऐकल्यास ठिकाण, वेळ, फोटो आणि गाडी कुठल्या कारखान्याकडे निघाली आहे याची नोंद करा. तक्रारीत १९६० च्या कायद्याचं कलम ११(१) आणि १९६५ चे नियम स्पष्ट लिहा, आणि एक प्रत कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला द्या. पोलिसांनी अदखलपात्र म्हणून नोंद केली तरी तिची प्रत मागून घ्या. दुसऱ्या वेळी तीच गाडी सापडली तर ती पहिली नोंद दाखवता येते. जनावर जखमी असेल तर आधी १९६२ वर फोन करा, पशुसंवर्धन विभागाचं फिरतं पथक त्या क्रमांकावर मिळतं. ते येईपर्यंत जू उतरवून बैलाला सावलीत उभं करा आणि पाणी थोडं थोडं पाजा.